बाईंना सांगू नकोस

घरात गुंडीचं तोंड सकाळी डोळ्यांच्या आधी उघडायचं. अंथरुणातूनच पहिला प्रश्न यायचा आणि तो कधी साधासुधा नसायचा. "आई, मी झोपले होते तेव्हा माझे पाय काय करत होते?" आई पोळपाट शोधत असायची, बाबा एक मोजा हातात घेऊन दुसरा शोधत असायचा, आणि या बाईसाहेबांना पायांचा हिशेब हवा असायचा. साडेपाच वर्षांची पोर. जन्मली तेव्हा नाक इतकं बारीक आणि गोल होतं की बाबा म्हणाला, ही तर शर्टाची गुंडी. तेव्हापासून खरं नाव शाळेच्या कागदांपुरतं उरलं.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचा. आई घरीच कवळ्या बनवायची. स्वयंपाकघराला लागून एक अरुंद खोली होती, तिथे खिडकीखाली तिचं टेबल. तीन दातांचे डॉक्टर तिच्याकडे रुग्णांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे पाठवायचे, आणि ती मेणात एकेक दात बसवून, पारखून, घासूनपुसून त्यांची कवळी करून द्यायची. टेबलावर कायम कुणाचा तरी वरचा जबडा आणि कुणाचा तरी खालचा. गुंडी शाळेतून आली की शेजारच्या स्टुलावर चढायची आणि आलेल्या पाहुण्यांची चौकशी सुरू करायची.

"या आजोबांचे दात आलेत. आजोबा कधी यायचेत?"

"आजोबा नाही येत. दातच जातात त्यांच्याकडे."

"एकटे?"

आई हातातलं मेण बाजूला ठेवून हसायची. दुसऱ्या दिवशी नवा प्रश्न: कवळी घालून आजोबा खोटं बोलले, तर ते कोण बोललं, आजोबा की तू? हे सगळं आई संध्याकाळी बाबाला साग्रसंगीत ऐकवायची. बाबा दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांना दाराच्या फटीतून तेच ऐकवून धीर द्यायचा. मग मावशीला फोन, शेजारच्या काकूंना जिन्यात गाठून. गुंडीच्या बोलण्यावर निम्मी वस्ती हसत होती म्हणा ना. गुंडी स्वतः मात्र हसत नसे. ती हसणाऱ्यांच्या तोंडाकडे एकेक करून पाहत राही, आपलं काय चुकलं ते शोधत असल्यासारखी. पण इतक्या हशात तिच्याकडे बघायला कुणाला सवड होती!

आणि हीच पोर शाळेत मूग गिळून बसायची. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, तब्बल आठ महिने. हजेरीला हात वर करायची, चित्रं काढायची, डबा सगळा खायची, रांगेत नीट उभी राहायची, पण तोंडातून अक्षर नाही. वर्गाच्या बाई तरुण होत्या, हसऱ्या होत्या, जीव लावणाऱ्या होत्या. त्यांनीही शेवटी हात टेकले. मग मोठ्या बाईंनी आईला बोलावून घेतलं.

"पहिलीत वाचायचं असतं, म्हणून दाखवायचं असतं," मोठ्या बाई म्हणाल्या. "बोलतच नसेल तर पहिलीत घेऊ कशी? अजून एक वर्ष इथेच बसू दे. घरी तरी बोलते ना?"

मोठ्या बाई काही वाईट नव्हत्या. पण शेवटचा प्रश्न विचारताना त्यांनी मान जराशी कलती केली, आणि त्या कलत्या मानेने आईला सगळं सांगून टाकलं. यांना खरं वाटत नाही. यांना वाटतंय, पोरीत काहीतरी कमी आहे आणि आई लपवतेय.

"बोलते हो! कान किटतात आमचे."

"मग आम्हालाही ऐकवा की. फोनवर रेकॉर्ड करून पाठवलंत तरी चालेल. शुक्रवारी आम्ही पहिलीची यादी करतोय."

तो सोमवार होता. घरी येईपर्यंत आईच्या मनाने पुढची वीस वर्षं पाहून घेतली. गुंडीच्या मैत्रिणी पहिलीत गेल्यात आणि गुंडी तिच्याहून लहान पोरांत, छोट्या खुर्चीवर गुडघे वर करून बसलीय. गुंडी पंचवीस वर्षांची झालीय आणि दुकानात बोटाने बटाटे दाखवतेय. एकदा काळजी करायची म्हटल्यावर आई त्यात कसूर ठेवत नसे. संध्याकाळी तिने हळूच विचारून पाहिलं, "शाळेत का गं बोलत नाहीस?"

"शाळेत ऐकायचं असतं," गुंडी म्हणाली आणि विषय संपवून टाकला.

बाबा म्हणाला, "बोलेल गं. घाई काय आहे?" त्याला काय, शुक्रवार आईच्या डोक्यावर होता.

मंगळवारपासून आईने फोन प्लास्टरच्या डब्यामागे लपवून ठेवायला सुरुवात केली. गुंडी स्टुलावर चढायच्या आत बटण दाबायचं आणि काही झालंच नाही असा चेहरा करायचा. पहिल्या दिवशी पंख्याचाच आवाज भरला. दुसऱ्या दिवशी गुंडी नेमकी पोटावर पालथी पडून, जमिनीला तोंड लावून बोलली. आपल्याच घरात, आपल्याच पोरीचं बोलणं चोरताना आई सारखी दाराकडे बघत होती. पण तिने स्वतःची समजूत घातली, हे तिच्याच भल्यासाठी आहे. आईबापांनी आजवर जे जे गाढवपण केलं, ते बहुतेक याच वाक्याच्या आधाराने.

गुरुवारी मात्र सगळं जमून आलं. पंखा बंद होता, गुंडी टेबलाला टेकून बसली होती, आणि तिने एका जबड्याला "तुम्ही घाबरू नका, आई हळू घासते" म्हणून समजावलं. मग त्याच्या आजोबांना नातवंडं किती, ती दात बघून ओळखतील का, असं बरंच काही झालं. आई हसली, कामाला लागली, आणि हातातल्या कामात डब्यामागचा फोन साफ विसरून गेली.

बऱ्याच वेळाने गुंडी एकदम खालच्या आवाजात म्हणाली, "आई, आमच्या बाईंचा पुढचा एक दात खोटाय."

"तुला कसं कळलं?"

"बाकीचे पट्टीवरच्या पहिल्या रंगाचे आहेत. तो तिसऱ्या." दातांचे रंग जुळवायची पट्टी टेबलाला टांगलेली असायची. गुंडीला अक्षरांआधी तेच रंग यायला लागले होते. "तो तू केलास?"

"नाही बाई. दुसऱ्या कुणीतरी केला असेल."

"मग नीट बसवलाय की नाही, आपल्याला काय माहीत?" गुंडीने स्टूल पुढे ओढलं. "मी बोलले की सगळे हसतात. तू हसतेस, बाबा हसतो, काकू तर डोळे पुसतात. मी शाळेत बोलले आणि बाई हसल्या, आणि दात पडला तर? सगळ्यांच्या समोर?"

आईने ओठ दाबून धरले, पण हसू फुटायचं ते फुटलंच. गुंडीने तिच्याकडे पाहिलं आणि ती थांबली.

"नाही गं, हसत नाही मी. म्हणून तू बोलत नाहीस?"

"बाईंना सांगू नकोस हं. त्यांना वाटतं कुणाला कळलेलं नाही."

"नाही सांगणार."

"गळ्याशपथ?"

"गळ्याशपथ," आई म्हणाली, आणि तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टरांना कवळी तासाभरात हवी होती. फोन प्लास्टरच्या डब्यामागून उचलावा लागला, तेव्हा गुंडीने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं.

आठ महिन्यांच्या मौनाचं कारण एवढा एकच दात होता, असं समजायला आई काही खुळी नव्हती. पण काहीतरी हाती लागलं होतं. असे दात पक्के बसवलेले असतात, हसून पडत नाहीत, हे उद्या नीट समजावून सांगू, असं तिने ठरवलं. उद्याच्या भरवशावर किती कामं टाकावीत यालाही काही सुमार असतो.

शुक्रवारी सकाळी धांदल उडाली. दूध उतू गेलं, गुंडीचा एक बूट मिळेना, बाबाला कुठल्याशा इमारतीतून तिसऱ्यांदा फोन आला. गुंडीला शाळेत सोडून आल्यावर आईने उभ्याउभ्याच कालचं रेकॉर्डिंग लावलं. पहिली दोन मिनिटं ऐकली. आवाज खणखणीत, शब्दन् शब्द स्पष्ट. "तुम्ही घाबरू नका, आई हळू घासते." अशी सोन्यासारखी पोर, आणि म्हणे बोलत नाही! तिने मोठ्या बाईंना पाठवून टाकलं. रेकॉर्डिंग अकरा मिनिटांचं होतं, डॉक्टरांचा फोन येईपर्यंतचं, हे तिने पाहिलंच नाही.

अकराच्या सुमाराला मोठ्या बाईंचं उत्तर आलं. "कमाल आहे! पहिलीत प्रवेश नक्की." आईचा जीव भांड्यात पडला. तिने बाबाला फोन केला, मावशीला केला, आणि गुणगुणत एक खालचा जबडा पूर्ण केला.

दुपारी शाळेच्या फाटकाशी वर्गाच्या बाई तिची वाटच पाहत होत्या. बाजूला गुंडी, दप्तर पाठीवर, नजर बुटांवर.

"अहो, काय गोड बोलते ही! मोठ्या बाईंनी मला पाठवलं, मला राहवेना, मी सगळ्या वर्गाला ऐकवलं. म्हटलं, ओळखा पाहू कुणाचा आवाज! मुलं तर खूश. आणि ते शेवटचं!" बाईंना पुन्हा हसू आलं. "मी सगळ्यांसमोर दात हलवून पाहिला. म्हटलं बघा, पक्का आहे, हसा किती हसायचं ते!"

त्या मोकळेपणाने हसल्या, आणि पुढचा दात आईला दिसला. तिसरा रंग. पोरीने अचूक ओळखला होता.

"शेवटचं कुठलं?" आईने विचारलं, पण विचारता विचारताच तिला कळलं. गळ्याशपथ. तिचा स्वतःचा आवाज, तीस मुलांच्या वर्गात. गुंडीने तो बाकावर बसून ऐकला होता.

"अगं, चुकून गेलं ते," रस्त्यात आई म्हणाली. "मला माहीतच नव्हतं एवढं लांब आहे." गुंडी शेजारून चालत होती. हात सोडला नव्हता, पण तो हात कुणीतरी धरायला दिलेल्या पिशवीसारखा आईच्या हातात नुसता होता. घरी आल्यावर तिने बूट काढले, हात धुतले आणि स्टूल उचलून आपल्या कॉटशेजारी नेऊन ठेवलं.

त्या दिवसापासून गुंडी घरातही बोलेनाशी झाली.

आधी आईला वाटलं, रुसलीय, संध्याकाळपर्यंत विरघळेल. संध्याकाळ गेली. शनिवार गेला, रविवार गेला. गुंडी चिडलेली नव्हती, हेच तर भयंकर होतं. पाणी हवं असलं की पेला पुढे करायची. नको असलं की मान हलवायची. कुशीत घेतलं तर यायची, पण अंग चोरून. बाबाने मोजे कानात अडकवून दाखवले, लिफ्टमध्ये एका बोकडासह अडकलेल्या माणसाची गोष्ट सांगितली, खोटीच होती ती. गुंडीने नीट ऐकून घेतली आणि चित्र काढायला गेली. पाचव्या दिवशी "बोलेल गं" म्हणायचं बाबानेही सोडलं.

आईचं कामात लक्ष लागेना. एका आजींच्या कवळीत तिने उजवा सुळा डावीकडे बसवला. पंधरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. डॉक्टरांनी फोनवर विचारलं, तब्येत बरी आहे ना? वर्गाच्या बाईंचाही फोन आला. त्यांच्या आवाजात आता हसू नव्हतं. "माझ्याकडून चूक झाली का हो?" "तुमच्याकडून नाही," आई म्हणाली आणि तिने फोन ठेवून दिला. शाळेत बोलावं म्हणून तिने एवढा खटाटोप केला होता. पहिलीचा प्रवेश मिळाला आणि घर मुकं झालं. सकाळी पायांचा हिशेब मागणारं कुणी उरलं नव्हतं. हे आता असंच राहिलं तर? पोरीने ठरवूनच टाकलं असेल तर, की बोललेलं कुठेच सुरक्षित नसतं?

आठव्या दिवशी तिला राहवेना. काम करता करता तिने कानात इयरफोन घातले आणि जुनं रेकॉर्डिंग लावलं, पोटावर पालथं पडून बोललेलं. एकही शब्द कळत नव्हता, नुसती जमिनीला लागून आलेली भुणभुण, पण तेवढ्यानेही आईच्या चेहऱ्यावर हसू आलं. मान वळवली तर दारात गुंडी. तिने आईच्या कानांकडे पाहिलं, मग टेबलावरच्या फोनकडे. आणि मग अगदी हळू, आवाज न करता, दार ओढून घेतलं.

आईने इयरफोन काढले. तिने तिन्ही रेकॉर्डिंग पुसून टाकली. तिसऱ्याला अंगठा अडला, कारण पोरीचा आवाज पुन्हा कधी ऐकायला मिळेल कुणास ठाऊक. तरीही पुसलं. मग आत जाऊन ती कॉटशेजारी जमिनीवर बसली.

"मी सांगणार नाही म्हणाले होते आणि ते बाहेर गेलं," ती म्हणाली. "चुकून गेलं हे खरंय, पण फोन मी लपवून ठेवला होता, तो काही चुकून नव्हता. मला भीती वाटत होती. भीती वाटली म्हणून तसं करायचं नसतं. आता तुला विचारल्याशिवाय तुझं काही कुणाला सांगणार नाही. काकूंना नाही, मावशीला नाही, बाबालासुद्धा नाही. आणि तू जे बोलतेस त्यावर आम्ही उगीच हसतो. तू तर खरंच विचारत असतेस."

गुंडीने सगळं ऐकून घेतलं. ऑफिसातला कारकून अर्ज घेऊन ठेवतो आणि काम कधी होईल ते सांगत नाही, तशी मान हलवली. आईला वाटलं, एवढं तरी झालं. पण नववा दिवस तसाच गेला, आणि दहावाही.

अकरावा दिवस सणाच्या सुट्टीचा होता. मौन धरल्यापासून गुंडी आंघोळही एकटीच करायची, दार ओढून घेऊन. आई टेबलाशी होती, बाबा पेपर वाचत होता. तेवढ्यात बाथरूममधून आवाज आला. पाण्याचा नव्हे, गुंडीचा. हळू, तुटक, स्वतःशीच काहीतरी चाललेलं.

बाबाच्या हातातला पेपर खाली आला. "ऐकलंस?" तो कुजबुजला. बाबा चवड्यांवर उठला, दाराकडे निघाला, कान आधीच पुढे काढून. आईने झेप घेऊन त्याची कॉलर धरली.

"नाही."

"अगं, काय म्हणते ते तरी—"

"ते तिचं आहे. आपल्यासाठी नाही."

पण आवाज येतच होता, जरा वाढलासुद्धा होता, आणि आईचे कान काही तिचं ऐकत नव्हते. अकरा दिवसांची उपाशी बाई ती. आणखी अर्धा मिनिट गेलं असतं तर तीच दाराला कान लावून उभी राहिली असती. म्हणून तिने शहाणपणाचा एकच उपाय केला. टेबलाशी जाऊन घासायचं मशीन सुरू केलं. घर्रर्र करत ते असं काही ओरडायला लागलं की स्वतःचा विचारही ऐकू येईना. एक जबडा घेऊन ती घासत बसली. तो कालच घासून झाला होता. घासता घासता तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि बाबा मधल्या खोलीत पेपर उलटा धरून उभा होता.

बराच वेळ गेला. मग कुणीतरी तिचा कुर्ता मागून ओढला.

गुंडी होती. नखशिखांत ओली, केसांत साबणाचा फेस, दात कडकड वाजत होते, आणि बाथरूमपासून टेबलापर्यंत पाण्याचा ओघळ. आईने मशीन बंद केलं.

"केव्हाची हाका मारतेय मी!" गुंडी म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. "टॉवेल दे, टॉवेल दे, टॉवेल दे. घसा दुखला माझा!"

बाबा दारात येऊन उभा राहिला.

"ऐकायचं नसतं तेव्हा फोन लपवून ऐकतेस," गुंडी कुडकुडत म्हणाली, "आणि मी हाक मारते तेव्हा मशीन लावतेस!"

बाबाने तोंडावर पेपर धरला. आई हसली नाही. तिने गुंडीच्या डोळ्यांत नीट पाहिलं.

"चुकलंच माझं," ती म्हणाली.

"टॉवेल," गुंडी म्हणाली, आणि आई धावली.